पेशीतील अग्निहोत्र : डॉ. कमला सोहोनी यांचे जीवन व कार्य

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा विषयाच्या शोधात मला फार दूर जावे लागले नाही. ज्या वीरांगनेचे नाव आपल्या लक्ष्मीबाई नगराने धारण केले आहे ती माहेरची मणिकर्णिका तांबे, म्हणजे उत्तरेत कर्तृत्व गाजवलेली मराठी कन्या. तिची कथा आपण सर्वजण जाणतो. परंतु याच नगरापासून थोड्या अंतरावर, एम्सच्या पलीकडे अन्सारी नगरात, ज्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची इमारत उभी आहे, तिच्याशी निगडित असलेली आणखी एका मराठी विदुषीची कथा आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९९८ साली या परिषदेने दिल्लीत एका वयोवृद्ध शास्त्रज्ञ बाईंचा सत्कार योजिला होता. बाईंनी वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती. आयुष्याचा बराचसा काळ जिची दखल घेणे विज्ञानजगताला सुचले नाही, तिच्या सन्मानार्थ सभागृह उठून उभे राहिले. आणि त्याच समारंभात बाई कोसळल्या. त्यानंतर अल्पकाळातच त्यांची प्राणज्योत मालवली. त्या विदुषी म्हणजे डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कुमारी कमला भागवत.

प्रस्तुत लेखकाचे शिक्षण कलाशाखेचे आणि आयुष्य गेले सरकारी कचेरीत. जीवरसायनशास्त्रासारख्या विषयावर लेखणी उचलणे हे खरे तर धाडसच होय. परंतु काही वर्षांपूर्वी माझी कन्या शालान्त परीक्षेच्या अभ्यासाला बसली असता, आपण श्वास आत घेतो त्या प्राणवायूचे पुढे शरीरात नेमके होते काय, असे तिने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधताना मी कमलाबाईंच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. त्यांचे संशोधन समजून घेतल्यावाचून त्यांचे मोठेपण कळत नाही, आणि त्यांचे जीवन जाणून घेतल्यावाचून त्या संशोधनाचे मोल कळत नाही. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतील.

कमलाबाईंचा जन्म १८ जून १९११ रोजी इंदूर येथे झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी दिल्ली ही हिंदुस्थानची राजधानी होणार असल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही वैद्यकीय संशोधनाला साहाय्य करणारी संस्था स्थापन झाली. पुढे १९४९ साली याच संस्थेचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद असे नामांतर झाले. कमलाबाईंच्या आयुष्यात ही संस्था दोनदा येणार होती. त्यांचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. बंगळूरला जमशेटजी टाटांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत दोघांनीही शिक्षण घेतले होते. मराठी साहित्यात व लोकसंस्कृतीच्या अभ्यासात अढळपद मिळवलेल्या दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एकाच घरातील एका बहिणीने शब्दांचा आणि दुसरीने प्रथिनांचा ध्यास घ्यावा, हा भागवत कुळाचा वारसाच म्हणावा लागेल. दोघींच्याही स्वभावात एक धागा मात्र समान होता. अन्यायासमोर मान तुकवणे दोघींनाही जमले नाही.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. वडिलांच्या व काकांच्या पावलावर पाऊल टाकून बंगळूरच्या संस्थेत संशोधन करावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. गुणपत्रिका अशी निर्विवाद असता प्रवेशात अडचण येण्याचे कारण नव्हते. परंतु त्या काळी संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाने जगभर कीर्ती मिळवलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. त्यांनी अर्ज नाकारला, आणि कारण एकच सांगितले की, अर्जदार स्त्री आहे. प्रयोगशाळेतील संशोधन स्त्रियांना पेलणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

सामान्य मुलगी येथे माघारी फिरली असती. कमलाबाई गांधीयुगातील होत्या. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत हलणार नाही अशा निश्चयाने त्यांनी संचालकांच्या दारात सत्याग्रह आरंभिला. अखेर रामन यांना प्रवेश द्यावा लागला, पण तो अटींसह. पहिले वर्ष परीक्षाकाल समजला जाईल. कामाच्या दर्जाबद्दल संचालकांचे समाधान होईपर्यंत त्या कामाला मान्यता मिळणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि आपल्या उपस्थितीने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होणार नाही याची जबाबदारीही त्यांचीच राहील! आज या अटी वाचताना अंगावर काटा येतो. ज्यांच्या प्रतिभेबद्दल प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटतो, त्या थोर शास्त्रज्ञाची दृष्टी या एका बाबतीत मात्र काळाच्या चौकटीतच अडकून पडली होती, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. कमलाबाईंनी अपमान गिळला, अटी मान्य केल्या आणि त्या कामाला लागल्या.

श्री. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक कडक शिस्तीचे, परंतु विद्यार्थ्याची पात्रता ओळखणारे होते. त्यांच्या देखरेखीखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. ज्या देशातील बहुसंख्य जनतेला प्रथिने मिळतात ती मुख्यत्वे वरणातून आणि उसळीतून, त्या देशात हा विषय किती जिव्हाळ्याचा होता हे निराळे सांगावयास नको. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली, आणि यापुढे संस्थेची दारे स्त्रियांना उघडी झाली. १९३६ साली त्यांनी विशेष प्रावीण्यासह एम. एस्सी. पदवी मिळवली. एका मुलीने एका वर्षात केलेले काम पुढील कित्येक मुलींच्या प्रवेशाचा परवाना ठरले.

१९३७ साली त्या इंग्लंडला जाऊन केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्यांनी जे संशोधन केले ते समजण्यासाठी वाचकांनी क्षणभर माझ्याबरोबर पेशीच्या आत डोकवावे, अशी विनंती आहे.

आपले शरीर काय किंवा अंगणातली तुळस काय, दोन्ही पेशींची बनलेली आहेत. पेशी म्हणजे आपल्या लक्ष्मीबाई नगरासारखी एक वसाहत आहे असे समजा. वसाहतीला कुंपण असते आणि फाटकावर पहारेकरी असतो. तसे पेशीभोवती पातळ पेशीपटल असते आणि कोणाला आत घ्यावे, कोणाला बाहेर धाडावे हे ते ठरवते. वनस्पतीच्या पेशीला या पटलाबाहेर आणखी एक भक्कम भिंत असते. वसाहतीच्या कार्यालयात सर्व घरांचे नकाशे जपून ठेवावेत, तसे पेशीच्या केंद्रकात तिच्या बांधणीचे सगळे आलेख साठवलेले असतात. केंद्रकाभोवती पेशीद्रव्य पसरलेले असते आणि त्यात अनेक सूक्ष्म अवयव आपापले काम करीत असतात. हिरव्या पानांच्या पेशीत हरितलवके असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न शिजवतात. आणि वनस्पती व प्राणी या दोहोंच्या पेशींत तंतुकणिका असतात. वसाहतीतील विजेच्या उपकेंद्राची जागा पेशीत या तंतुकणिकांना आहे. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. परंतु यकृताच्या एकेका पेशीत त्यांची संख्या हजाराच्या घरात जाते.

आपण जे जेवतो त्यातील पिष्ठाची अखेर ग्लुकोज नावाची साखर होते. गीतेच्या पंधराव्या अध्यायात प्राणिमात्रांच्या देहात राहून अन्न पचवणाऱ्या वैश्वानराची कल्पना आली आहे. आधुनिक विज्ञानाने त्या अग्नीचे वसतिस्थान शोधले तेव्हा ते पोटात सापडले नाही. ते प्रत्येक पेशीत सापडले. साखर चुलीत टाकली तर ती भसकन जळते आणि सारी उष्णता एकदम निघून जाते. पेशीत तसे झाले असते तर आपली राखच झाली असती. पेशी तीच साखर टप्प्याटप्प्याने जाळते. पहिल्या टप्प्यात पेशीद्रव्यातच ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. त्यास प्राणवायू लागत नाही आणि ऊर्जाही थोडीच सुटते. मग हे तुकडे तंतुकणिकेत शिरतात आणि एका चक्राकार क्रियामालिकेत त्यांचे विघटन होऊन कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हान्स क्रेब्ज यांनी हे चक्र उलगडले तेही १९३७ सालीच. या साऱ्या टप्प्यांतून सुटलेली ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंच्या रूपाने साठवली जाते. ग्लुकोज ही मोठ्या रकमेची नोट, तर एटीपी म्हणजे खिशातली चिल्लर. बसच्या कंडक्टरला मोठी नोट चालत नाही. पेशीतील कामांनाही सुटे पैसेच लागतात. प्राणवायूविना ग्लुकोजच्या एका नोटेची अवघी दोन नाणी हाती पडतात. प्राणवायू मिळाला तर आजच्या हिशेबाप्रमाणे सुमारे तीस ते बत्तीस.

ही मोठी मिळकत होते ती शेवटच्या टप्प्यात. अन्नातून काढून घेतलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतील पडद्यावर एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात. आम्हा सरकारी माणसांना हे समजणे सोपे आहे, कारण फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाते तसाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की, येथे प्रत्येक टेबलावर खरोखर काही काम होते! प्रत्येक हस्तांतरात थोडी ऊर्जा सुटते. तिच्या बळावर पडद्याच्या एका बाजूस हायड्रोजनचे विद्युत्भारित कण साठवले जातात, कोयनेच्या धरणात पाणी साठावे तसे. ते कण परत फिरताना एक रेणूमय चक्र फिरवतात आणि त्यातून एटीपी तयार होते. पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडलेल्या या उपपत्तीला १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या टेबलांच्या रांगेत सायटोक्रोम नावाची लोहयुक्त प्रथिने असतात. त्यांपैकी सायटोक्रोम-सी हे लहानसे प्रथिन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत टपाल नेणाऱ्या शिपायासारखे आहे. एका खेपेस एकच इलेक्ट्रॉन घेऊन ते जाते. तो इलेक्ट्रॉन ते सायटोक्रोम-ऑक्सिडेज या शेवटच्या टेबलावर पोहोचवते, आणि तेथे प्राणवायू त्याचा स्वीकार करून त्याचे पाणी होते. आपण अहोरात्र श्वास घेतो तो प्रामुख्याने या शेवटच्या टेबलासाठी. हे एक टेबल बंद पडले की मागच्या साऱ्या फाइली तुंबतात. सायनाइडचे विष माणसाला काही मिनिटांत मारते ते नेमके हेच टेबल बंद करून.

माझ्या कन्येच्या प्रश्नाचे उत्तर हे असे होते. मात्र कमलाबाई केंब्रिजला पोहोचल्या तेव्हा हे चित्र पुरे झालेले नव्हते. त्याच विद्यापीठातील डेव्हिड केलिन यांनी १९२५ साली कीटकांचे स्नायू व यीस्ट यांमध्ये वर्णपटदर्शकातून पाहून सायटोक्रोमचे गडद पट्टे ओळखले होते. प्राणवायू मिळाला की पट्टे नाहीसे होत, तो संपला की पुन्हा उमटत. पण उच्च वनस्पतींचे काय? हिरव्या पानांत हरितद्रव्याचा रंग इतका गडद की त्याआड असले पट्टे दिसणे दुरापास्त. त्यातून आणखी एक चकवा होता. बटाटा चिरून ठेवला की काळपट पडतो हे प्रत्येक गृहिणी जाणते. ज्या एंझाइममुळे हे घडते तेही प्राणवायू वापरते. तेव्हा वनस्पतीचे श्वसन याच एंझाइममार्फत होत असावे, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क होता. तो खरा असता तर प्राणी एका रीतीने श्वसन करतात आणि वनस्पती दुसऱ्या, असे मानावे लागले असते.

केंब्रिजच्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरील कार्याबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि स्त्री-संशोधकांना आपल्या प्रयोगशाळेत आवर्जून स्थान देण्याबद्दलही त्यांचा लौकिक होता. बंगळूरच्या अनुभवानंतर कमलाबाईंना हा फरक किती सुखद वाटला असेल! प्रयोगशाळेत जागा अपुरी होती, तेव्हा डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपले टेबल दिवसा त्यांना वापरावयास दिले, असे सांगतात. रिश्टर यांच्याबरोबर त्यांनी प्राण्यांतील एंझाइमांवर काम केले आणि १९३८ साली तो शोधनिबंध प्रसिद्धही झाला. रिश्टर अन्यत्र गेल्यावर कमलाबाई डॉ. रॉबिन हिल यांच्या हाताखाली आल्या. हिल हे वनस्पतींचे अभ्यासक. प्रकाशात हरितलवकांतून प्राणवायू कसा सुटतो, याचा मोलाचा शोध ते त्याच सुमारास घेत होते. वनस्पती प्राणवायू सोडते कशी, हे गुरू पाहत होते. ती तो घेते कशी, हे शिष्या पाहू लागली.

त्यांनी हाती घेतला तो आपला नेहमीचा बटाटा. त्यात हरितद्रव्याचा अडथळा नाही, आणि चकवा देणारे ते एंझाइम मात्र भरपूर आहे. म्हणजे प्रश्नाचा निकाल लावण्यास याहून योग्य साक्षीदार नाही. बटाट्याच्या ऊतीत सायटोक्रोम-सी आहे आणि प्राण्यांप्रमाणेच वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचे कार्य सायटोक्रोमांच्या शृंखलेतून चालते, असे कमलाबाईंच्या कामातून पुढे आले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम-ऑक्सिडेजविषयी हिल व भागवत या जोडनावाने लिहिलेला निबंध १९३९ साली 'नेचर' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे या विषयात अनेकांनी भर घातली. काही वनस्पतींत प्राणवायूकडे जाणारी दुसरी एक आडवाटही असते हे ज्ञात झाले. पण मुख्य मार्ग हाच ठरला. मनुष्य व चिंपांझी यांच्यातील सायटोक्रोम-सी तंतोतंत एकसारखे आहे आणि गव्हाच्या रोपातील सायटोक्रोमशीही आपल्या सायटोक्रोमचे मोठे साम्य आहे, हे विज्ञानाने नंतर दाखवून दिले. सकल चराचरात एकच तत्त्व नांदते, हे आपले संत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. श्वसनापुरती त्या एकतेची एक खूण एका मराठी मुलीने बटाट्यात पाहिली, याचे मला अतीव कौतुक वाटते.

हे सारे संशोधन आणि प्रबंधलेखन त्यांनी सुमारे चौदा महिन्यांत उरकले, आणि प्रबंध होता अवघ्या चाळीस पृष्ठांचा. पृष्ठसंख्येवरून विद्वत्तेचे माप काढणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी! १९३९ साली त्यांना पीएच. डी. मिळाली. त्यांना विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असे पुष्कळदा म्हटले जाते. मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ साली अमेरिकेत मिशिगन येथे डॉक्टरेट मिळवली होती. तेव्हा त्या मानाच्या पंक्तीतील अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक, असे म्हणणे अधिक रास्त होईल. यात त्यांचे मोठेपण तिळभरही उणे होत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळी केंब्रिजमध्येही स्त्रियांना पदवीचे नाव मिळे, पण विद्यापीठाचे पूर्ण सभासदत्व मिळत नसे. ते मिळावयास १९४८ साल उजाडावे लागले. म्हणजे उंबरठे सर्वत्रच होते, केवळ त्यांची उंची कमीअधिक होती.

युरोपवर युद्धाचे ढग जमत असता १९३९ सालीच कमलाबाई मायदेशी परतल्या, आणि त्यांचे पहिले कार्यक्षेत्र ठरले ते आपले हे दिल्ली शहर. येथील लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्राध्यापक व प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९१६ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठीच होते. कॅनॉट प्लेसजवळून जाताना ती जुनी इमारत दिसली की, आप्तस्वकीयांपासून दूर, नव्या राजधानीत एकटीने संसार थाटणारी अठ्ठावीस वर्षांची ती विदुषी मला आठवते. आपल्यापैकी प्रत्येक कुटुंबाने दिल्लीतील तो पहिला हिवाळा आणि ते पहिले एकटेपण अनुभवले आहे. त्यामुळे कमलाबाई आपल्याला परक्या वाटू नयेत.

त्यानंतर त्या दक्षिणेत कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या आणि तेथे त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. ही प्रयोगशाळा प्रारंभी उल्लेखिलेल्या रिसर्च फंड असोसिएशनच्या छत्राखालची होती. काम उत्तम चालले होते. परंतु पुढील बढतीचा मार्ग त्यांना स्पष्ट दिसेना, आणि त्यामागे स्त्री असणे हे एक कारण होतेच. सेवापुस्तिकेत आयुष्य मोजणाऱ्या आम्हा नोकरदारांना या घुसमटीची कल्पना चांगली आहे. माझ्याही नोकरीच्या उमेदीच्या काळात, एका कार्यक्षम सहकारी भगिनीचे नाव क्षेत्रीय पदासाठी पुढे आले असता, बाईमाणसाला फिरतीचे काम कसे जमणार, एवढ्या एका टिपणीवर ते मागे पडल्याचे मी पाहिले आहे. ती फाइल माझ्याही टेबलावरून गेली होती आणि मी तिच्यावर निमूटपणे सही केली होती. कमलाबाईंचे चरित्र वाचताना त्या सहीची मला लाज वाटली, हे येथे मान्य करतो.

१९४७ साली विमागणिताचे तज्ज्ञ असलेल्या श्री. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन कमलाबाई मुंबईस आल्या. तेथील विज्ञानसंस्थेत नव्याने जीवरसायन विभाग निघाला होता. तेथे त्या प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पुन्हा भारतीय अन्नाकडे वळल्या. वालाच्या उसळीवर प्रेम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने त्यांचे ऋणी राहावे असे एक काम त्यांच्या प्रयोगशाळेत झाले. वाल व डबल बी यांत प्रथिनांच्या पचनाला आडकाठी करणारे पदार्थ असतात. ते स्फटिकरूपात वेगळे केल्याचा निबंध १९५५ साली 'नेचर'मध्ये आला. हे पदार्थ उष्णतेने बऱ्याच अंशी निष्प्रभ होतात. आपल्या आजीने डाळिंब्या नीट शिजवून घ्याव्यात हा जो नेम सांभाळला, त्यामागे असे शास्त्र दडलेले होते.

नीरेवरील त्यांचे संशोधन हे सर्वांत लोकोपयोगी ठरले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हे काम हाती घेतले. ताडाच्या झाडापासून पहाटे उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढू लागले की त्यातील यीस्टच्या पेशी साखर फस्त करू लागतात आणि नीरेची ताडी होते. हादेखील पेशींच्या ऊर्जेचाच खेळ आहे. प्राणवायूविना काम भागवणाऱ्या यीस्टने दोन नाणी मिळवावीत आणि मागे मद्यार्क सोडावा, असा. न आंबलेल्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह असून आदिवासी भागातील कुपोषित किशोरवयीन मुलांच्या व गर्भवती स्त्रियांच्या आहारात तिचा समावेश केल्यास त्यांची प्रकृती सुधारते, असे त्यांना आढळून आले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. आरे दुग्धप्रकल्पालाही दुधाचा दर्जा सुधारण्याच्या कामी त्यांनी मार्गदर्शन केले.

एवढे कर्तृत्व असूनही संस्थेच्या संचालकपदावरील त्यांचा हक्क अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे डावलला गेला. अखेर ते पद त्यांच्याकडे आले आणि त्यांनी ते समर्थपणे भूषविले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुंबईत १९६६ साली स्त्रियांनीच स्थापन केलेल्या कन्झ्यूमर गायडन्स सोसायटीच्या कार्यात त्यांनी भाग घेतला. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्षा होत्या आणि 'कीमत' या तिच्या नियतकालिकातून ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लिहीत होत्या. प्रयोगशाळेतील शास्त्र अशा रीतीने त्यांनी बाजारातील पिशवीपर्यंत आणून पोहोचवले.

उतारवयात बंगळूरच्या त्या दिवसांचा विषय निघाला तेव्हा रामन हे थोर शास्त्रज्ञ होते हे त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. परंतु केवळ स्त्री म्हणून मिळालेली वागणूक आपण विसरू शकलो नाही, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे जाहीररीत्या सांगितले. साठ वर्षे ही वेदना त्यांनी उराशी बाळगली, पण तिचा वणवा होऊ दिला नाही. पेशी जशी साखर टप्प्याटप्प्याने जाळून त्यातून काम उभे करते, तसे त्यांनी त्या अपमानातून एक एक काम उभे केले. आपल्याकडे अग्निहोत्री ब्राह्मण घरातील अग्नी पिढ्यान्‌पिढ्या विझू देत नसत. तो भडकू द्यायचा नाही आणि विझूही द्यायचा नाही, यातच सारे कौशल्य. कमलाबाईंचे आयुष्य हे मला असेच एक अग्निहोत्र वाटते.

आणि म्हणूनच १९९८ सालचा तो दिल्लीतील प्रसंग मनाला चटका लावून जातो. ज्या संस्थेच्या प्रयोगशाळेतून पन्नास वर्षांपूर्वी त्या पुढचा मार्ग दिसेना म्हणून बाहेर पडल्या होत्या, तिनेच त्यांना सन्मानाने बोलावले होते. सन्मान आला, पण तो घेऊन घरी परतण्याइतका अवधी काळाने त्यांना दिला नाही. त्यांच्या जन्मदिनी, १८ जून २०२३ रोजी, गूगलने त्यांचे चित्र झळकवले तेव्हा नव्या पिढीतील पुष्कळांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके बसवली, मुलांना मराठी शिकवले. या सुवर्णमहोत्सवी वर्षात माझी एक नम्र सूचना आहे. शालान्त परीक्षेत विज्ञान विषयात उत्तम गुण मिळवणाऱ्या मंडळातील एका मुलीला दरवर्षी डॉ. कमला सोहोनी यांच्या नावे पारितोषिक द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल. पण ते वेळेवर द्यावे, तिच्या उमेदीच्या वयात द्यावे. पहिल्या वर्षाच्या पारितोषिकाची रक्कम मी मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे सुपूर्त करीत आहे. जी सही मी एकदा चुकीच्या जागी केली होती, तिचे अल्पसे परिमार्जन यातून घडले तर मी स्वतःला धन्य समजेन.